सेव्हिलची झाडलोट

आम्ही विट्याची माणसं, परमुलखाला भीत नाही.
एकोणतीस वर्षं कोइमतूरला काढली,
सोनं गाळत, तेजाबाच्या धुरात.
पोरं भांडायची तमिळमध्ये
आणि भूक लागली की मराठीत यायची.
म्हणून माद्रिदच्या विमानतळावर
आमचे हे बॅग ओढत म्हणाले,
चल, अजून एक गाव.

सव्वीस जणांचा ग्रुप, निम्मे खानापूर-आटपाडीचे.
कुणी मदुराईत गाळलेलं, कुणी कलकत्त्यात.
सहाव्या दिवशी सेव्हिल.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याची झाडं,
लगडलेली,
आणि तोडणारं कुणी नाही.
माझा जीव वरखाली.
आमच्याकडं डाळिंबाच्या बागेला रात्रभर राखण लागते.
कडू असतात, गाइड म्हणाली. रोसिओ तिचं नाव.
तरी इंदुताई देवकरांनी पडलेलं एक उचललं,
पदराला पुसलं, सोललं, फोड तोंडात टाकली
आणि पुढचा अर्धा तास कुणाशी बोलल्या नाहीत.

मनोऱ्याला पायऱ्याच नाहीत, नुसता चढ.
आधी मशिदीचा होता, मागनं चर्चचा झाला.
बांग देणारा घोड्यावर बसून वर जायचा म्हणे.
इंदुताईंच्या गुडघ्यांनी त्या घोड्याला दुवा दिला.
वरून दिसली नदी.
नाव तीनदा विचारलं, तीनदा विसरले.
पाणी काठाला लागलेलं, फेब्रुवारीत!
आमच्या येरळेत टेंभूचं आवर्तन सुटलं
तर घोटा भिजतो.
याच नदीतनं सोन्याची गलबतं यायची, रोसिओ म्हणाली,
समुद्रापलीकडनं,
दुसऱ्यांच्या देशांतनं.

मग चर्चमधली ती भिंत.
चार मजली म्हणा, पाच म्हणा,
सगळी सोनेरी, खणाखणात पुतळे.
लोक आ वासून लांब उभे.
आमचे पुरुष जाळीपर्यंत पुढं सरकले,
गिऱ्हाइकानं मोडीच्या पाटल्या काढून ठेवल्यावर
बघायचे तसे, एक डोळा बारीक करून.
वर्ख आहे, लाकडावर, बजरंग मुळीक म्हणाले.
टंचावर एकमत होईना.
सुरक्षावाला दोनदा येऊन गेला.

ह्यांनी रोसिओला विचारलं,
हिंदीत सुरू करून इंग्रजीत अडखळत,
एवढं गाळलं कुणी?
तिला राजा माहीत होता, बिशप माहीत होता,
मूर्ती कोरणाऱ्याचं नाव तर तिनं स्पेलिंगसकट सांगितलं.
गाळणारा?
ती थांबली. छत्री या हातातनं त्या हातात घेतली.
हे मला आजवर कुणी विचारलं नाही, म्हणाली.

ह्यांनी हात खिशात घातले.
नखं पिवळी पडलीत तेजाबानं.
आमच्या एकाही फोटोत ह्यांचे हात नाहीत,
लग्नाचा सोडून.

परत आल्यावर ज्याचं त्याचं सेव्हिल वेगळं.
मुळीक स्टँडवर सांगतात,
दुपारी दोनला अख्खं शहर कडी लावून झोपतं,
आपल्यापेक्षा सुखी.
इंदुताई फक्त मनोरा सांगतात, संत्र्याचं नाव काढत नाहीत.
ते मी सांगते.
हे काहीच सांगत नाहीत.
भाच्यानं विचारलं, मामा, बघण्यासारखं काय होतं?
म्हणाले, चहा बरा नव्हता.

आठवड्यानं बॅगा उन्हात उपड्या केल्या.
वाळू, तिकिटाचे तुकडे,
संत्र्याचं एक वाळकं पान,
आणि कसलीतरी बारीक पिवळट धूळ, शिवणीत अडकलेली.
मी केरसुणी घेतली.
टाकू नकोस, खुर्चीतनं आवाज आला.

एकोणतीस वर्षं हेच ऐकलं.
दुकानातली झाडलोट कधी टाकायची नसते,
पायपुसणंसुद्धा जाळून बघायचं,
काय निघेल सांगता येत नाही.

अहो, ही बॅगेतली धूळ आहे, मी म्हटलं.

हे उठले. पेपरचा चौकोन फाडला,
धूळ त्यात घेतली, चार घड्या घातल्या, वर दोरा गुंडाळला,
पेन शोधलं,
आणि पूर्वी पुडीवर सराफाचं नाव घालायचे तसं
काहीतरी लिहिलं.

पुडी टीव्हीच्या कपाटात आहे, औषधांच्या मागं.
भट्टी विकून सहा वर्षं झाली.
काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही.